टेनर सॅक्सला कुठली रीड घ्यावी (रिको २ वरून व्हँडोरन ३ वर उडी मारलेल्यांसाठी)

प्रश्न थोडक्यात असा: ८ महिने टेनर शिकतोय, यामाहाचा ४सी माउथपीस आहे, इतके दिवस रिकोच्या नारिंगी डब्यातली २ नंबर रीड (माउथपीसवर बसवायची, फुंकीने थरथरणारी पातळ पट्टी) वाजवत होतो, सर म्हणाले आता ३ वर जा, म्हणून व्हँडोरनचा निळा डबा ३ नंबर आणला, आणि आता खालचे सूर लागतच नाहीत, नुसती हवा येते, दहा मिनिटांत ओठ सोलवटतो, मधेच चिरकतं. डबा खराब निघाला का, माझंच काही चुकतंय, की सरळ सिंथेटिक घेऊन टाकू?

आधी हे सांगतो म्हणजे सॅक्स विकायला काढणार नाही. डबा बहुतेक खराब नाहीये आणि तुमचंही फार काही चुकलेलं नाहीये. एक पायरी चढायला निघालात आणि तीन पायऱ्या एकदम उडी मारलीत, एवढंच झालंय. रिकोचा ३ आणि व्हँडोरनचा ३ एकच नसतो हो. चपलांसारखं आहे, एका कंपनीची ८ नंबर पायात सैल होते आणि दुसरीची ८ चावते. व्हँडोरनच्या निळ्या डब्यातली २.५ ही साधारण रिकोच्या ३ च्या घरात जाते, मग निळी ३ म्हणजे नारिंगीची ३.५ तरी धरा, कधी त्याहून कडकच लागते. म्हणजे तुम्ही २ वरून ३.५ वर गेलात तेही एका दिवसात. सरांनी बहुतेक ३ रिकोच्याच हिशोबात सांगितलं असणार, किंवा दोन्ही कंपन्यांचं कोष्टक त्यांच्या डोक्यात नसेल, बऱ्याच जणांच्या नसतं, माझ्या पण पहिली दहा वर्षं नव्हतं.

हा जो नंबर असतो ना त्याबद्दल दोन गैरसमज आहेत आणि दोन्ही मी स्वतः बाळगून होतो. पहिला म्हणजे नंबर वाढला की रीड जाड होते. नाही होत. एका मॉडेलच्या सगळ्या रीड्स एकाच मापात, एकाच आकारात कापतात, २ पण तेवढीच जाड आणि ३.५ पण तेवढीच. कापून झाल्यावर मशीनवर टोकाजवळ दाब देऊन बघतात किती वाकते, त्यावरून नंबर छापतात. म्हणजे नंबर हा त्या बांबूसारख्या काडीचा स्वभाव आहे, कारखान्याने दिलेली जाडी नाही. म्हणून तर एकाच डब्यातल्या दोन रीड्स वेगळ्या वागतात, एक २.५ च्या अलीकडे असते एक पलीकडे.

दुसरा गैरसमज जास्त नुकसान करतो. नंबर म्हणजे इयत्ता. २ वाले नवशिके, ३ वाले जरा बरे आणि ४ वाले उस्ताद, असं काहीतरी आपल्याकडे पसरलंय. आमच्या घरी बँड होता, लग्नाच्या वराती, गणपती, सगळं, काका टेनर वाजवायचे, आणि बँडवाल्यांमध्ये तर कोण किती कडक रीड फुंकतो यावर पैजा लागायच्या. मी पण १८व्या वर्षी ४ नंबर लावून फिरायचो, आवाज कसा यायचा तर सायकलच्या पंपासारखा, पण नंबर ४! पुढे ऑर्केस्ट्रात गेल्यावर शेजारी एक गोव्याचे म्हातारे अंकल बसायचे, वाडीच्या चर्चच्या शाळेत सोल्फा (पाश्चात्त्य सारेगम) शिकून मुंबईत आलेल्या पिढीतले, त्यांच्या ओटो लिंक माउथपीसवर २.५ असायची आणि हॉल भरून जायचा. मी विचारलं अंकल इतकी सॉफ्ट कशी काय, तर त्यांनी माझा माउथपीस हातात घेतला, उजेडाकडे धरला, टोकाकडची फट बघितली आणि म्हणाले, तुझी फट बघ माझी फट बघ, मग बोल.

तर आता फटीबद्दल बोलू, कारण रीड एकटी निवडताच येत नाही. माउथपीसचं टोक आणि रीडचं टोक यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते तिला टिप ओपनिंग म्हणतात. तुमच्या ४सी ची ती साधारण १.७ मिलिमीटर आहे, जॅझवाले ओटो लिंक ७ स्टार वापरतात त्याची २.६ च्या पुढे जाते. रीड वाजते म्हणजे काय, तर ती फुंकीने त्या फटीवर झडपेसारखी उघडझाप करते, सेकंदाला शेकडो वेळा. फट मोठी असली तर रीडला लांब जाऊन परत यायचंय, मग ती कडक असून कशी चालेल, दमछाक तुमची होणार. फट लहान असली आणि रीड मऊ असली तर जोरात फुंकलं की ती माउथपीसला चिकटून बंदच होते, आवाज गुदमरतो. म्हणून मोठ्या फटीला मऊ आणि लहान फटीला जरा कडक, हा ढोबळ नियम. फेसिंगची लांबी म्हणजे रीड माउथपीसपासून कुठून सुटायला लागते ते पण मोजावं लागतं, लांब फेसिंगला थोडी कडक चालते, पण त्यात तुम्ही आत्ता पडू नका.

आता या नियमाने बघाल तर ४सी लहान फटीचा आहे, म्हणजे तुमचे सर वर जा म्हणाले ते दिशा म्हणून बरोबरच आहे. ८ महिन्यांनी नारिंगी २ तुम्हाला मऊ पडायला लागली असणार. कसं ओळखायचं तर वरचे पाम की (तळव्याने दाबायच्या कळा) वाले सूर, डी, ई फ्लॅट, एफ, बेसूर खाली लागतात, जोर दिला की आवाज बारीक होतो किंवा नुसतं झिंग्झिंग येतं पत्र्यासारखं, आणि खालचा बी फ्लॅट मात्र मस्त फुकट लागतो. हे होत असेल तर रीड मऊ झालीये. उलटं म्हणजे तुमचं आत्ताचं, हवा जास्त सूर कमी, खालचे सूर दाबून पण येत नाहीत, आवाज चालू व्हायला उशीर, आणि नकळत तुम्ही खालच्या दातांनी ओठ चावायला लागता, ते चावणं म्हणजे ओठ सोलवटणं. या चावण्याची सवय लागली की काढायला वर्ष जातं हे मी स्वतःच्या ओठाने सांगतोय. म्हणून ती ३ उद्यापासून बंद.

एक छोटी तपासणी घरी करा, ट्यूनरचं ॲप असेलच फोनमध्ये. सॅक्सची बॉडी बाजूला ठेवा, फक्त नेक (वरची वाकडी नळी) आणि माउथपीस जोडून सरळ लांब सूर फुंका. टेनरचा हा सूर पांढरी तीन म्हणजे ई च्या आसपास यायला पाहिजे. (ॲपवर खरी पांढरी तीन बघा, टेनरचं बोटांचं नाव नको, टेनर काळी पाचचं वाद्य आहे, तुम्ही सी वाजवलं की बाहेर बी फ्लॅट पडतो.) खूप वर चढत असेल तर तुम्ही चावताय, म्हणजे बहुतेक रीड कडक. खाली लोंबत असेल तर रीड मऊ किंवा ओठ ढिला. ही तपासणी मी नवीन विद्यार्थी आला की पहिल्या पाच मिनिटांत करतो, त्याला नंबर नंतर विचारतो.

मग घ्यायचं काय. तुमच्या जागी मी असतो तर रिको रॉयल २.५ घेतली असती, निळा डबा पण डॅडारिओचा. (रिको कंपनी २००४ मध्ये डॅडारिओने घेतली त्यामुळे डब्यावर आता डॅडारिओचं नाव दिसतं, काही दुकानदार दोन वेगळ्या कंपन्या म्हणून विकतात, गोंधळू नका.) किंवा व्हँडोरनच पाहिजे असेल तर निळा २, नाहीतर त्यांचीच जावा, हिरवा डबा, २.५. या तिघांपैकी कुठलीही घेतलीत तरी नारिंगी २ वरून एकच पायरी वर जाताय. एक व्यवहाराची गोष्ट, टेनरच्या व्हँडोरनच्या डब्यात ५ रीड्स येतात, अल्टोच्या (टेनरपेक्षा लहान सॅक्सच्या) डब्यात १० असतात, त्यामुळे किंमत बघून टेनरवाल्याच्या पोटात गोळा येतो. रॉयलच्या डब्यात १० येतात. सुट्या रीड्स देणारं दुकान जवळ असेल तर दोन ब्रँडच्या दोन दोन सुट्या घेऊन बघा, मुंबईत असाल तर धोबी तलावला चक्कर मारली की मिळतात.

हे सगळे डबे वेगळे का असतात हे जरा सांगतो, कारण लोक रंगावरून घेतात. कापायच्या दोन पद्धती आहेत, फाइल्ड आणि अनफाइल्ड. रीडवर जिथे खरखरीत साल संपते आणि सोललेला भाग सुरू होतो तिथे बघा. साल गोल कमानीत संपत असेल तर अनफाइल्ड, आणि आडवी सरळ रेघ मारून अजून थोडी साल तासलेली असेल तर फाइल्ड, याला फ्रेंच कट पण म्हणतात. फाइल्डमुळे रीड मागून जरा मोकळी होते, हलक्या आवाजात लवकर बोलते. रॉयल फाइल्ड, व्हँडोरनचा निळा फाइल्ड, साधी नारिंगी रिको अनफाइल्ड, जावा हिरवा अनफाइल्ड पण जावाचा लाल डबा फाइल्ड. व्हँडोरन निळ्याचं टोक एकदम पातळ आणि मधला गाभा जाड, त्यामुळे आवाज नीटनेटका, गोळीबंद, शास्त्रीय पाश्चात्त्य वाजवणाऱ्यांना आवडतो आणि नवशिक्याला जड जातो. जावा १९८३ मध्ये आली ती जॅझ आणि पॉपवाल्यांसाठी, तिचा जास्त भाग थरथरतो म्हणून मोकळी वाटते. व्ही १६ नंतर १९९३ मध्ये आली, जावापेक्षा टोक जाड, आवाजात लाकूड जास्त. आपल्याकडची हिंदी मराठी गाणी वाजवायची असतील, मनोहारी सिंग यांचे ते तुकडे बसवायचे असतील (ते मुख्यतः अल्टो वाजवायचे हे माहीत असू द्या, टेनरवर तसाच आवाज शोधत बसू नका), तर मला जावा हिरवी नाहीतर ला व्होझ बरी वाटते. ला व्होझवर नंबर नसतात, सॉफ्ट, मीडियम सॉफ्ट, मीडियम असं लिहिलेलं असतं, तुम्हाला मीडियम सॉफ्ट.

अजून एक आपल्या उपयोगाचं. मींड. गाण्यात मींड गमक घ्यायचं असेल तर जबडा ढिला करून सूर खाली ओढावा लागतो, आणि कडक रीड तो ओढूच देत नाही, सूर खुंटीला बांधल्यासारखा राहतो. अभंग भावगीत वाजवणाऱ्यांना मी नेहमी अर्धा नंबर खाली या म्हणतो. थोडं वरच्या सुरांचं नुकसान होतं, चालतं, आपल्याला अल्टिसिमो (नेहमीच्या पट्टीच्याही वरचे सूर) कुठे वाजवायचंय.

बरं, डबा आणला. आता डब्यात ५ असतील तर ५ही चांगल्या नसतात हे मनाची तयारी करून ठेवा. हे गवत आहे हो शेवटी. अरुंडो डोनॅक्स नावाचं उंच नळासारखं गवत, सगळ्यात नावाजलेलं दक्षिण फ्रान्समधल्या व्हार भागात भूमध्य समुद्राच्या काठाला होतं, डॅडारिओची लागवड फ्रान्स आणि अर्जेंटिना दोन्हीकडे आहे. दोन वर्षांची काठी हिवाळ्यात तोडायची, उन्हात वाळवून सोनेरी करायची, मग गोदामात मुरवायची आणि मग कापायची. द्राक्षासारखंच, एकाच बागेतले दोन घड सारखे नसतात तर काठ्या कुठून सारख्या असणार. माझा अनुभव असा की ५ मध्ये १ फार छान, २ कामाच्या, १ रियाझाला ठीक आणि १ अशी की का जन्माला आली. कोणी सांगत असेल की अमुक ब्रँडच्या सगळ्या चांगल्या निघतात तर तो एकतर विकतोय किंवा त्याला फरक ऐकू येत नाहीये.

न वाजवता काही गोष्टी दिसतात. ते अंकल प्रत्येक रीड ट्यूबलाइटसमोर धरायचे. मधे गाभ्याची सावली उलट्या व्ही सारखी किंवा यू सारखी दिसते, ती दोन्ही बाजूला सारखी पाहिजे, एका अंगाला कललेली असेल तर ती रीड एका बाजूने जड आहे. रेषा म्हणजे धागे सरळ टोकापर्यंत जायला पाहिजेत, तिरके पळत असतील तर सोडा. बुडाकडून बघा, कमान दोन्हीकडे सारखी जाड आहे का. रंग पिवळा सोनेरी, सालीवर तपकिरी डाग असले तर घाबरू नका, ते चालतात, पण हिरवट झाक असेल तर काठी नीट वाळलेली नाही. एकदा मी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून स्वस्तात तीन डबे घेतले, छपाई अस्पष्ट, आतली सीलबंद पाकिटं नाहीत, आणि कमान एवढी वाकडी की रीड समोर धरल्यावर हसू आलं. नकली होत्या. व्हँडोरनच्या रीड्स एक एक सीलबंद पाकिटात येतात हे लक्षात ठेवा.

मग ओली करायची. साध्या पाण्यात मिनिटभर, किंवा तोंडात धरा, टोक पण आणि बूड पण, फक्त टोक नाही. नवीन रीडच्या टोकाला लाटा आलेल्या असतात, घाबरायचं नाही, ओली झाली की अंगठ्याने माउथपीसच्या सपाट भागावर हलकी दाबून बसवा, लाटा जातात. लावताना रीडचं टोक आणि माउथपीसचं टोक सरळ एका रेषेत, समोरून अंगठ्याने रीड दाबली की वर केसाएवढी काळी कड दिसली पाहिजे. इथेच एक फुकटचा इलाज आहे, रीड केसभर खाली सरकवली की ती मऊ वाटते, केसभर वर घेतली की कडक. केसभर म्हणजे खरंच केसभर, टोक मिलिमीटरच्या एक दशांशाएवढं असतं, वहीच्या कागदाएवढं, तिथे मिलिमीटर फार मोठा होतो. लिगेचरचे (रीड आवळून धरणाऱ्या पट्ट्याचे) स्क्रू दोन्ही सालीच्या भागावर आले पाहिजेत आणि बोटाने घट्ट, पक्कड लावायची नाही, हो, लावतात लोक.

वाजवून बघायचं ते असं. पहिला खालचा सी एकदम हळू, सुरुवात जिभेने न करता नुसत्या फुंकीने, लागतो का. मग मधला डी, तो टेनरवर मुळातच जरा बंद बंद असतो, तो मोकळा वाटला तर रीड चांगली. मग वरचा एफ जोरात, आवाज चिमटा काढल्यासारखा बंद होतो का. एवढं तीन सुरात कळतं, लांबलचक गाणं वाजवून बघू नका, तोपर्यंत तुमचा ओठ त्या रीडशी जुळवून घेतो आणि मग सगळ्याच बऱ्या वाटतात. पहिल्या दिवशी प्रत्येक रीड पाचच मिनिटं, दुसऱ्या दिवशी दहा, असं चार पाच दिवस. पहिल्याच दिवशी तासभर कुटली की ती पाणी पिऊन फुगते आणि आठवड्यात मरते. आणि पहिल्या दिवशी जरा कडक वाटलेली रीड ठेवून द्या, ती बहुतेक मऊ होऊन कामाला येते, पहिल्या दिवशी परफेक्ट वाटलेली दहाव्या दिवशी लोळते.

बुडावर पेन्सिलने १, २, ३, ४ नंबर टाका आणि रोज फिरवत वाजवा. एकच आवडती रीड मरेपर्यंत वाजवायची ही आपल्याकडची जुनी खोड, काकांनी तर एका लग्नसराईत एकच रीड चालवली, टोक दमलं की जुन्या रुपयाच्या नाण्याला टोक लावून बाहेरची कड काडीपेटीने जाळायचे, नाण्याची गोलाई बरोबर रीडला यायची, आणि रीड परत कडक. जादू वाटायची मला. तुम्ही रीड ट्रिमर (टोक कापायचं यंत्र) घ्या किंवा नका घेऊ पण काडीपेटी नको.

एका बाजूने जड असलेली रीड सुधारता येते, ही एक युक्ती शिकून घ्या. सगळी बोटं उचलून मधला उघडा सी शार्प वाजवा, आणि माउथपीस तोंडात थोडा डावीकडे फिरवा म्हणजे एक बाजू ओठाने दाबली जाते आणि दुसरीच थरथरते, मग उजवीकडे फिरवून तसंच. जी बाजू थरथरताना आवाज बंद किंवा हवाळ येतो ती बाजू जड. रीड काचेवर ठेवा, ६०० च्या वॉटर पेपरचा छोटा तुकडा बोटाला धरून त्या बाजूच्या कडेला टोकाच्या थोडं मागून चार पाच हात फिरवा, परत वाजवा, परत बघा. मधल्या गाभ्याला हात लावायचा नाही, आणि एकदम टोकाला पण नाही. तुमच्या त्या ३ नंबरच्या डब्यातल्या एका रीडवर हे करून बघा, ती तशीही पडूनच आहे, बिघडली तर दुःख नाही. बाकीच्या ४ एका डब्यात तारीख टाकून ठेवून द्या, ६-८ महिन्यांनी काढा, तेव्हा लागतील किंवा लागणार नाहीत, नाही लागल्या तर तुम्ही नापास नाही. मी ३० वर्षांनी २.५ वरच आहे.

हवामानाचं मात्र आपल्याकडे खरंच डोकं खातं. परदेशातले व्हिडिओ बघून लोक रीड ओली ठेवायची पाकिटं घेतात आणि जुलैत मुंबईत ती वापरतात, म्हणजे बुरशीला आमंत्रण. पावसाळ्यात मुंबई कोकणात वाजवून झालं की रीड रुमालाने पुसा, केसमध्ये सपाट ठेवा आणि झाकण तासभर उघडं राहू द्या मग बंद करा. काळे हिरवे ठिपके आले की फेकून द्या, उकळणं बिकळणं नको, ती तोंडात जाते. उलट मे महिन्यात नागपूर अकोल्याला, किंवा एसी स्टुडिओत, दोन गाण्यांच्या मधे रीड वाळून टोक चुरगळतं, तिथे ७२ टक्के ओलावा राखणारं ते दमट पाकीट झिपच्या पिशवीत खरंच उपयोगी आहे, आणि दोन गाण्यांच्या मधे माउथपीसवर टोपी लावा. रीड माउथपीसवर तशीच लावून केस बंद करून झोपायचं नाही, ही गोष्ट मी दर आठवड्याला कुणाला तरी सांगतो.

आणि चहा. ऑर्केस्ट्रात मध्यंतरात गोड चहा प्यायचा आणि तसंच तोंड लावायचं, साखर रीडवर पण जाते आणि आत पॅडवर (कळांखालच्या भोकं झाकणाऱ्या गाद्यांवर) पण. पान तंबाखूचं तर विचारूच नका, एका बँडमध्ये मी अशी रीड बघितलीये की ती कत्थ्याच्या रंगाची होती आणि वाजवणारा म्हणाला मुरलीये. चूळ भरा, एवढंच.

आता सिंथेटिक. घेऊ का विचारलंत. चांगली असतात, आता तर फारच चांगली झालीयेत, लेजेर कॅनडाची आहे, त्यांच्यात सिग्नेचर आणि अमेरिकन कट टेनरला लोक जास्त घेतात, ओली करावी लागत नाही, केसमधून काढली की वाजली, पाव पाव नंबरात मिळते म्हणजे २.२५ पण आहे. वरातीत, विसर्जनाला, जिथे दोन तास उन्हात चालत वाजवायचंय आणि मधे अर्धा तास थांबायचंय तिथे मी सिंथेटिकच लावतो, रीड वाळायची भीती नाही. आवाज ९० टक्के तसाच, उरलेले १० टक्के रस्त्यावर कोणाला ऐकू येतात. पण तुम्हाला आत्ता घेऊ नका म्हणेन आणि कारण पैशाचं आहे. एका सिंथेटिकच्या पैशात साध्या रीडचा अख्खा डबा तरी येतो, आणि तुम्हाला अजून तुमचा नंबरच माहीत नाहीये. चुकीच्या नंबरची एक महागडी रीड घेऊन बसाल. आधी साध्या डब्यांवर नंबर ठरू दे, मग घ्या, आणि घेताना त्यांच्या साइटवर कोष्टक आहे ते बघून घ्या, केनचा म्हणजे साध्या रीडचा नंबर तसाच उचलू नका. वाजवून वाजवून सिंथेटिक पण थकते, कायमची नसते. रिकोची प्लास्टिकव्हर म्हणून एक येते ती सिंथेटिक नाही, साधीच रीड वरून प्लास्टिकचा मुलामा, आवाज जरा तिखट, बँडवाल्यांना आवडते.

शेवटचं राहिलं चिरकणं. ते रीडमुळे असू शकतं, कडक रीडवर चावलं की चिरकतं, एका बाजूने जड असली तरी चिरकतं. पण २.५ वर येऊन आठवडा झाला आणि तरी खालचे सूर अडखळत असतील तर रीडला शिव्या देणं थांबवा आणि सॅक्स तपासा. जी शार्पचा पॅड चिकटतो (परत तोच चहा), खालच्या ई फ्लॅटचा पॅड नीट बसत नाही, नाहीतर नेकवरची ऑक्टेव्हची की केसमधून काढताना वाकते आणि थोडी उघडी राहते. मेरठमध्ये बनलेला जुना सॅक्स असेल तर पॅड एकदा बदलून घ्याच. अंधाऱ्या खोलीत आत बारीक एलईडीची माळ सोडून एक एक की हलकी दाबून बघा, कुठून उजेड येतोय ते दिसतं. माउथपीस पण बघा, नेक नको, फक्त माउथपीसवर ओली रीड लावायची, मागचं भोक तळहाताने बंद करायचं, टोकाकडून हवा ओढून घ्यायची आणि तोंड काढायचं, रीड एक दोन सेकंद चिकटून राहून मग टप् करून सुटली पाहिजे. लगेच सुटत असेल तर रीडचा पाट (सपाट बाजू) वाकलाय किंवा माउथपीसचा, दोन तीन रीड्स बदलून बघा म्हणजे कुणाचा ते कळेल. रीडचा असेल तर तोच ६०० चा पेपर काचेवर, रीडचा सपाट पाट त्यावर, टोक पेपरच्या बाहेर ठेवून दहा बारा हात. माउथपीसचा असेल तर स्वतः घासू नका, रिपेअरवाल्याकडे न्या, आणि तो दुरुस्त होईपर्यंत नवीन डबा फोडू नका.